अर्ध्यावर थांबलेला पडदा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजच्या प्रमुख पाहुण्या आणि संग्रहालयाच्या संचालिका बाईसाहेब, व्यासपीठावर बसलेले आणि व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत घुश्शात बसलेले सर्व विभागप्रमुख, कार्यशाळेतले माझे सहकारी, त्यांच्या घरची मंडळी, तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसलेल्या मावशी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण जे मघापासून गुच्छाच्या आड तोंड लपवून बसले आहेत, ते आपले दादा,

बोलायला सुरुवात करण्याआधी मला एक अत्यंत गंभीर तक्रार या सभेपुढे मांडायची आहे. ती या माइकबद्दल आहे. माइकबद्दल म्हणजे माइकच्या दांड्याबद्दल. हा दांडा उंच करून घट्ट पिळला, तरी तो हळूहळू खाली येतो. एकदम येत नाही. एकदम आला असता तर माणूस सावध झाला असता. हा आपल्या नकळत, सभ्यपणे खचत जातो. मघाशी अध्यक्षसाहेब बोलले तेव्हा सुरुवातीला ताठ उभे होते आणि भाषण संपलं तेव्हा अर्धे वाकले होते. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, किती नम्र माणूस. साहेब, मी गैरसमज दूर करते आहे, क्षमा असावी.

आता विचार करा. आपली संस्था काय विकते? हालचाल विकते, आणि तीही मोजून-मापून. संग्रहालयांसाठी, दुकानांच्या काचेमागे ठेवण्यासाठी आपण हलत्या प्रतिकृती बनवतो. आपला लाकडी घड्याळजी केसाइतक्या अंतराने चिमटा पुढे सरकवतो. आपली कागदाची चिमणी मान वळवते ती नेमकी दाण्याकडे. आणि त्याच संस्थेला एक दांडा एका जागी उभा ठेवता येऊ नये? मी याबद्दल तीनदा अर्ज केला. उत्तर आलं की खरेदी विभाग विचार करतो आहे. इतकी वर्षं दर समारंभाच्या आधी दादा गुपचूप येऊन त्या खोबणीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचे. आज दादा उत्सवमूर्ती असल्यामुळे त्यांना कुणी दांड्याजवळ फिरकू दिलं नाही. परिणाम आपण पाहताच आहात. मी बोलायला उभी राहिले तेव्हा माइक माझ्या ओठांशी होता. आता हनुवटीशी आहे. तेव्हा मला जे बोलायचं आहे ते तो कमरेशी पोचायच्या आत आटोपायला हवं.

माझी ओळख बहुतेकांना आहे. मी नियंत्रण विभागात काम करते. हलणाऱ्या वस्तूंनी कधी हलायचं, किती हलायचं आणि कुठे थांबायचं ते मी लिहून देते. दादा त्या वस्तूंची हाडं आणि सांधे बनवतात. आमची टेबलं समोरासमोर, आणि मधे एकच दिवा. त्या दिव्याखाली आम्ही इतकी वर्षं एकाच विषयावर भांडलो. ज्यांना डबा खाताना आमचं भांडण ऐकावं लागलं त्यांचे कान किटलेत, पण घरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळणार नाही.

एक असतो सर्व्हो. खेळण्यातल्या विमानांत असतो तो, काडेपेटीएवढा. त्याच्या पोटात एक चौकस प्राणी बसलेला असतो असं समजा. आपण सांगितलं की अमुक कोनात जा, की सर्व्हो जातो, आणि पोटातला प्राणी विचारत राहतो, पोचलास का? नक्की पोचलास ना? कुणी धक्का दिला तर सर्व्हो परत जागेवर येतो. पण सतत विचारपूस चालू असल्यामुळे त्याला एक बारीक थरथर असते, गुणगुणही असते, आणि अर्ध्या वर्तुळाच्या पलीकडे त्याची झेप नसते.

दुसरा असतो स्टेपर. हा पावलं मोजतो. सांगाल तितकी पावलं, सगळी सारखी, टाकून होतात आणि मग पाय रोवून उभा राहतो. थरथर नाही, कुरकुर नाही, कितीही फेरे मारायला तयार. फक्त एक गोष्ट. आपण कुठे आहोत हे त्याला माहीत नसतं. किती चाललो, एवढंच माहीत असतं. वीज सुरू झाली की त्याला आधी टोकाशी जाऊन एका बटणाला शिवून यावं लागतं, मग तिथून मोजणी. नंतर वाटेत काही आडवं आलं, पाय जागच्या जागी घसरला, तरी त्याची मोजणी चालूच. शेवटी छाती काढून सांगणार, पोचलो. असतो मात्र भलतीकडेच. अशा स्वभावाचे दोन जण पहिल्या रांगेत बसले आहेत, पण तो आजचा विषय नाही.

मी स्टेपरची बाजू घ्यायचे, म्हणून दादांनी मला वकीलबाई हे नाव ठेवलं. ते सर्व्होचे. ते म्हणायचे, "वकीलबाई, तुझं अशील प्रामाणिक आहे, पण बहिरं आहे."

संचालिका बाईंना आठवत असेल, त्यांच्या संग्रहालयाच्या दारात आपण एक लाकडी द्वारपाल उभा केला होता. त्याने हात वर करून पाहुण्यांना दालनाकडे वाट दाखवायची. त्याच्या खांद्यात मी हट्टाने स्टेपर बसवला. पहिल्याच दिवशी सहलीची मुलं आली आणि प्रत्येकाने त्याच्याशी हात मिळवला. हात ओढला की आतलं पाऊल घसरायचं, आणि द्वारपाल थोडासा वळायचा. दुपारनंतर तो अतिशय रुबाबात सगळ्या पाहुण्यांना प्रसाधनगृहाची वाट दाखवत होता. आणि माणसं जातही होती हो. सुशिक्षित माणसं. एक गृहस्थ आत जाऊन आले आणि म्हणाले, मांडणी आधुनिक आहे.

दुसऱ्या दिवशी दादांनी स्टेपर काढून सर्व्हो बसवला. मुलांनी ओढला तरी हात जागेवर परत यायचा. पण थरथरायचा. आठवडाभरात तीन बायकांनी चौकशी केली की या म्हाताऱ्याला काय होतंय, त्याला खुर्ची द्या. म्हणजे दोघेही हरलो. दादांनी मात्र ते कधी मान्य केलं नाही. "थरथरला तरी वाट बरोबर दाखवतो ना?" असं म्हणून ते डब्याला बसले.

माइक गळ्याशी आलाय. पुढे जाते.

माझी आई गेली तेव्हाची गोष्ट. मी घरी एकटी राहू लागले. एकटं राहण्यात तसं अवघड काही नसतं. सगळी भांडी ठेवली तिथेच सापडतात. फक्त संध्याकाळी किल्ली लावून दार उघडलं की आतून कुणी "आलीस का गं" म्हणत नाही, आणि मग आपण आलो की नाही हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. त्या आठवड्यात एका संध्याकाळी फोन वाजला. दादा होते.

"पोचलीस?"

"पोचले."

"बरं." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी कामावर विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाले, "सर्व्होचा नियम आहे. पाठवलं म्हणजे पोचलं असं धरून चालायचं नाही. विचारायचं." तेव्हापासून कामाच्या दिवशी तो फोन येतो, सुट्टीला नाही. तीन शब्दांचा फोन. एकदा मी मुद्दाम उत्तर लांबवलं, म्हटलं, पोचले, आज रस्त्यात फार गर्दी होती, आणि... तर पलीकडून आलं, "एवढं विचारलं नव्हतं."

आता ऐकणाऱ्यांच्या मनात प्रश्न येईल, की दादांना कोण विचारायचं? आधी वहिनी होत्या. वहिनींची आणि समोरच्या इमारतीतल्या या मावशींची एक ठरलेली खूण होती. मावशी शिवणकाम करतात. त्यांचं मशीन खिडकीशी, आणि खिडकीसमोर दादांची खिडकी. सकाळी वहिनी पडदा सरकवायच्या म्हणजे घरात सगळे उठले, ठीक आहेत. संध्याकाळी ओढायच्या म्हणजे सगळे परतले. बोलणं-चालणं क्वचित, पण पडदा रोज. वहिनी गेल्यावर दादा पडदा सरकवू लागले. मावशी मला म्हणाल्या होत्या, "पहिल्या दिवशी किती वेळ तो हलेना. मग एकदा हलला, वाकडातिकडा. मी म्हटलं, चला. उठला माणूस."

इथपर्यंत ठीक होतं. पण दादा पडले आपल्या धंद्यातले. आपल्या धंद्यातला माणूस हाताने होणारी गोष्ट फार दिवस हाताने होऊ देत नाही. त्यांचा खांदा दुखू लागला, आणि एका दुपारी डबा खाताना म्हणाले, पडद्याला मोटर लावतो. सकाळी आपोआप उघडेल, संध्याकाळी आपोआप मिटेल.

झालं. सर्व्हो की स्टेपर? तो खटला किती दिवस चालला ते या हॉलमधल्या साक्षीदारांना विचारा. दादांना सर्व्होच हवा. मी म्हटलं, दादा, अर्ध्या वर्तुळात एवढा पडदा ओढायचा तर भिंतीवर परातीएवढं चाक लावावं लागेल, आणि रात्रभर ते उशाशी गुणगुणेल. ते म्हणाले, गुणगुणू दे, घरात कुणीतरी बोलायला हवंच. मी म्हटलं, स्टेपर लावा, आवाज नाही, लहानसं चाक, कितीही फेरे. ते म्हणाले, तो पावलं चुकणार. मी म्हटलं, एवढ्याशा पडद्याच्या वजनाला? शक्य नाही.

"लावतेस शर्त?"

"लावते."

"चुकला तर तू स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने काढायचास. आणि चारचौघांत सांगायचं, दादा बरोबर होते."

"आणि नाही चुकला तर?"

"मग मी मरेपर्यंत स्टेपरचा जयजयकार करीन."

मी जिंकणारच असं धरून स्टेपरची मोटर बसली. बसवायला मीच गेले होते. सकाळ-संध्याकाळ पडदा इतका सुरेख चालायचा की टोकाला टोक. मावशींनीही कौतुक केलं, म्हणाल्या, हल्ली दादा अगदी वेळेवर उठतात.

या हॉलमध्ये इतके शिकलेले लोक बसले आहेत. दादा आहेत, मी आहे. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण नेमकं काय केलंय. भार काढला, वेग काढला, चाकाचा घेर काढला. पण पडदा कोण सरकवतं यावर कुणीतरी नजर ठेवून आहे, हे आमच्या हिशेबातच नव्हतं. आम्ही पडद्याला दादांची गरज उरू दिली नाही.

गेल्या वर्षीच्या जोडून आलेल्या सुट्टीत, शनिवारी पडदा मिटून गेल्यावर, दादा घरात घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. फोन दुसऱ्या खोलीत. आवाज देऊन पाहिला, पण खालच्या मजल्याला कुलूप होतं. आणि रविवारी सकाळी पडदा उघडला. वेळेवर. आवाज न करता. दादा जमिनीवरून बघत होते. समोर मावशींनी वर पाहिलं, म्हणाल्या, उठले, आणि मशीन चालवायला घेतलं.

दादांनी हे मला एकदाच सांगितलं, पुन्हा नाही. म्हणाले, "तो उघडताना मला वाटलं, आता दिसेन. मग लक्षात आलं, मी खिडकीच्या खाली आहे. दिसतोय तो फक्त पडदा. आणि तो तर सांगतोय की मी ठणठणीत आहे."

दिवसभरात ते सरकत सरकत खिडकीखाली आले. वर उठायला खुर्चीला धरलं तर खुर्चीच आडवी झाली, आणि तिचा पाय पडद्याच्या काठावर पडला. संध्याकाळी मोटर सुरू झाली. पडदा निम्म्यावर आला आणि अडकला. स्टेपर जागच्या जागी खडखडला, पावलं टाकत राहिला, सगळी मोजून झाली, आणि थांबला. त्याच्या मते खिडकी बंद झाली होती.

समोर मावशींनी दिवा लावला, सवयीने वर पाहिलं. पडदा अर्ध्यावर. मावशी, तुम्ही वॉचमनला काय म्हणालात ते मी सांगू का? की तुम्ही सांगता? नको? बरं. त्या म्हणाल्या, "तो माणूस अर्धवट काम ठेवणारा नाही. दार फोडा."

वॉचमन म्हणाला, मावशी, झोपले असतील. मावशी म्हणाल्या, "झोपले असतील तर नवीन दार मी देईन. फोड."

मंगळवारी मी दवाखान्यात गेले. पाय वर टांगलेला, चेहरा उतरलेला. मी स्टूल ओढून बसतेय. तर दादांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? "मी म्हटलं नव्हतं? पावलं चुकला."

मी म्हटलं, "चुकला म्हणून तर वाचलात. तुमचा सर्व्हो असता तर कण्हत-कुंथत, पडदा उपसून टोकाला नेला असता आणि मावशी निवांत झोपल्या असत्या."

"ते वेगळं," दादा म्हणाले. "शर्त पावलांवर होती. माझ्या जिवावर नव्हती."

मी हरले असं मानायला तयार नव्हते. ते मोटर स्वतः काढायला तयार नव्हते, कारण शर्तीत हरलेल्याने काढायची असं ठरलं होतं. ते काठी टेकत कामावर परत आले, काठीही सुटली, आणि पडदा आपला रोज वेळेवर उघडत होता. मावशींचा त्याच्यावरचा विश्वास मात्र उडाला. त्या पडद्याकडे बघेनाशा झाल्या. त्या खाली फाटकाकडे बघू लागल्या. सकाळी दादा डबा घेऊन फाटकातून बाहेर पडले, की त्या मान हलवायच्या. आमच्या हट्टात तेवढी एक फट होती, आणि तिच्यातून सगळं निभावत होतं.

मंडळी, उद्या सकाळी दादा फाटकातून बाहेर पडणार नाहीत. आज आपण जे करतो आहोत त्याचा साधा अर्थ एवढाच आहे. साहेब म्हणाले की दादांना आता स्वतःसाठी भरपूर वेळ मिळेल. साहेब, मी असा वेळ पाहिला आहे. तो भरपूर असतो, यात शंका नाही. माझ्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची बिनखिडक्यांची आंधळी भिंत आहे. मी पडदा उघडला काय आणि मिटला काय, त्या भिंतीला फरक पडत नाही. रविवारी कधीकधी मी तो उघडतच नाही. म्हणून या विषयात मला थोडं बोलायचा अधिकार आहे, नियंत्रण विभागाची म्हणून नव्हे.

उद्यापासून समोरच्या टेबलावर कोण बसेल मला माहीत नाही. खरेदी विभाग विचार करतो आहे. जो कुणी येईल तो हुशारच असेल, त्याला सर्व्हो आणि स्टेपर दोन्ही नको असतील, तो तिसरंच काहीतरी आणेल जे स्वतः विचारेल आणि स्वतः उत्तर देईल. चांगलं आहे. मधला दिवा मी माझ्याकडे ओढून घेणार नाही एवढं सांगून ठेवते.

माइक आता पोटाशी आहे, आणि मी बरीच वाकले आहे. कृपया ही नम्रता समजू नये.

अध्यक्षांनी मला बोलायला दिलं, आणि दोनदा घड्याळ दाखवूनही थांबवलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. प्रमुख पाहुण्यांनी द्वारपालाचा विषय हसण्यावारी नेला, त्यांचेही आभार. चहाची आणि खुर्च्यांची व्यवस्था ज्यांनी पाहिली, त्यांची नावं घ्यायची राहिली, तरी चहा त्यांचाच लक्षात राहील. मावशी मशीन बंद करून आल्या, हे त्यांनी फार क्वचित केलंय. कुणाला माझी जीभ लागली असेल तर ती पदरात घ्यावी. विभागप्रमुखांनी दोनदा घ्यावी.

दादा, एक राहिलं. आज सकाळी तुम्ही केस कापायला गेला होतात. दार फोडावं लागलं तेव्हापासून तुमच्या घराची दुसरी किल्ली मावशींकडे असते. मी घेऊन वर गेले होते. ही पिशवी गुच्छाच्या मागे ठेवते, तिच्यात मोटर आहे आणि चार स्क्रू आहेत. भिंतीतली भोकं बुजवली आहेत, रंग जरा वेगळा दिसेल. पडद्याच्या कड्या साफ करून तेल दिलंय, खांद्याला त्रास होणार नाही. उद्या सकाळी तो तुम्हालाच सरकवायचा आहे. मावशी बघणार आहेत. आणि संध्याकाळी तुमचं मला विचारून झालं की लगेच फोन ठेवायचा नाही. मलाही विचारायचं असतं.

राहता राहिलं शर्तीतलं वाक्य. माइक कमरेशी आला, त्यामुळे मागच्या रांगांना हे ऐकू जाणार नाही. पण चारचौघांत म्हणजे चार माणसं पुरेत, आणि तुम्ही, मावशी, साहेब आणि बाई, एवढे तरी नक्की ऐकता आहात.

तो पावलं चुकला. दादा बरोबर होते.